लंबकाची वंशावळ

पीएचडी झाल्यावर माणूस पुढे काय करतो, हे आमच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. माझी आत्या गेली आठ वर्षं दर दिवाळीला विचारते, "मयू, तुहं शिक्षण संपलं का वं?" मी दर दिवाळीला सांगते, "संपलं आत्या, आता संशोधनाची नोकरी करते." मग ती माझ्या ताटात आणखी एक चकली ठेवते. ती चकली सांत्वनाची असते.

आत्याची तरी काय चूक? पीएचडीनंतरच्या संशोधकाला धड विद्यार्थी म्हणता येत नाही, धड प्राध्यापक म्हणता येत नाही. अकरा महिन्यांचा करार, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. प्रयोगशाळेचा प्रमुख बदलला की विषय बदलतो आणि विषय बदलला की शहर. आठ वर्षांत मी चार शहरांत राहिले आणि प्रत्येक ठिकाणी माझं सामान खोक्यांतच राहिलं. एवढ्या धावपळीत मी धरून ठेवलंय ते एकच काम, संत्र्याच्या सालींचं. साली हवा न लागू देता भाजल्या की त्यांचा जाळीदार कोळसा होतो. त्यावर ॲल्युमिनियमच्या क्षाराचा पातळ थर चढवला, तर तो विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड ओढून धरतो. विदर्भात ज्या गावांत हे पाणी पिऊन पोरांचे दात तपकिरी होतात आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकतात, तिथं साली फुकट मिळतात. माझा कोळसा सहा आठवडे छान चालतो आणि मग अचानक दमतो. का दमतो, ते शोधायला मला तीन वर्षं एका जागी बसायला हवं. माझं एवढंच मागणं आहे.

म्हणून पैनगंगा विज्ञान व अभियांत्रिकी विद्यापीठाची जाहिरात मी अक्षरशः पुन्हा पुन्हा वाचली. "विज्ञान व अभियांत्रिकी शाखांत पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या चौदा जागा. कालावधी तीन वर्षे, सलग." वयाची अट पस्तीस. मला पस्तीस पूर्ण व्हायला सात आठवडे उरले होते. ही संधी हुकली की नियमाप्रमाणे अशा जागेसाठी मी कायमची म्हातारी.

अर्ज भरायला दोन दिवस लागले. आधी आडनाव, मग नाव, मग इंग्रजीत, मग आधारवर जसं आहे तसं. दहावीचा सीट नंबर. संत्र्याच्या सालींशी त्याचा काय संबंध, देव जाणे. सतराव्या कलमात 'पारख' होती. "माझ्या सर्व वह्या पारखकडून तपासून घेण्यास माझी हरकत नाही" इथं खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता, म्हणून केली. सगळेच करतात.

पारख काय आहे, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी बोगस संशोधनाचं प्रकरण देशभर गाजलं होतं. यंत्राकडून निबंध लिहून घ्यायचा, आलेख काढून घ्यायचे आणि कधीच न केलेल्या प्रयोगांचे आकडे त्यात भरायचे, असा धंदाच चालला होता. त्यावर उपाय म्हणून याच विद्यापीठातल्या प्रा. सुधन्वा कस्तुरेंनी पारख तयार केली. तिचं तत्त्व साधं आहे आणि, राग बाजूला ठेवून सांगते, सुंदर आहे. खरं मोजमाप घेतलं, की आकड्यातला शेवटचा अंक आपल्या हातात राहत नाही. शून्यापासून नवापर्यंत सगळे अंक तिथं साधारण सारख्याच वेळा येतात. माणूस मनानं आकडे लिहायला बसला की त्याला शून्य नकोसा वाटतो, सात फार आवडतो आणि एकच अंक लागोपाठ दोनदा लिहायला त्याचा हात धजत नाही. दुसरी खूण अक्षराची. खरा प्रयोग करणारा एक आकडा लिहितो, थांबतो, उपकरणाकडे बघतो, पुन्हा लिहितो. दर वेळी पेन नव्यानं टेकतं आणि ओळ किंचित सरकते. दुसऱ्याचं बघून उतरवणाऱ्याचं पान मात्र एका दमात वाहत जातं. पारख वही वाचते आणि सांगते, की आकडे मोजलेले आहेत, रचलेले आहेत की उतरवलेले. शिवाय शंभरपैकी गुण देते.

फक्त एक गोष्ट कस्तुरे सरांच्या ध्यानात आली नाही. उमेदवाराच्या 'सर्व वह्या' म्हटल्यावर त्यात बीएस्सीची प्रॅक्टिकलची जर्नलंही आली. मध्यंतरी मूल्यांकन समिती येणार म्हणून गावोगावच्या कॉलेजांनी कपाटातली जर्नलं स्कॅन करून राष्ट्रीय भांडारात टाकली होती. तिथं ती धूळ खात पडायची, पण पारखला धुळीचं वावडं नाही.

आपल्याकडे बीएस्सी केलेल्यांना इथं घाम फुटला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. जर्नल हे लिहायचं नसतं, ते 'कम्प्लीट' करायचं असतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या हुशार मुलीचं जर्नल मिळवायचं, हॉस्टेलच्या खोलीत पाच जणींनी गोल करून बसायचं आणि एकीनं वाचायचं, चौघींनी उतरवायचं. उत्तर आधीपासून ठरलेलं असतं. सर लाल पेनानं सही करतात, तीही न वाचता, कारण त्यांनीही असंच कम्प्लीट केलेलं असतं.

माझा निकाल आला. एकतीस गुण. "अर्ज स्थगित. कारण: एस. वाय. बीएस्सी, भौतिकशास्त्र जर्नल, प्रयोग चौथा, साधा लंबक. नोंदी उतरवलेल्या."

नऊ शोधनिबंध, एक पेटंट, आठ वर्षांची रखडपट्टी, आणि मी अडकले कुठं, तर एकोणिसाव्या वर्षीच्या लंबकात. मी भरती कक्षाला फोन लावला. पलीकडे हरणे मॅडम नावाच्या शांत बाई होत्या. त्यांची शांतताच मला सगळ्यात जास्त झोंबली.

"मॅडम, ते जर्नल मी एस. वाय.ला असताना लिहिलंय."

"हो ना."

"माझ्या पीएचडीच्या वह्यांना पारखनं शहाण्णव दिलेत."

"बघतेय मी. छानच आहेत."

"मग?"

"सरासरी नसते मॅडम. सगळ्यात कमी असतील ते गुण धरतात."

"मग चौदा जागांना पात्र तरी किती जण ठरले?"

त्यांनी काहीतरी उघडून बघितलं. "दोन. त्यातले एक जर्मनीला गेले."

"आणि दुसरे?"

"त्यांच्या कॉलेजात लॅबच नव्हती. त्यामुळे जर्नल नाही. त्यामुळे दोष नाही."

मी कपाळावर हात मारला. तो आवाज त्यांना ऐकू गेला असावा, कारण त्या जरा मऊ झाल्या. "ही तिसरी फेरी आहे मॅडम. या वेळी जागा भरल्या नाहीत तर रद्द होतील, म्हणून कस्तुरे सरही टेकीला आलेत. तुम्ही निकालाचं शेवटचं पान बघा. वंशावळ आहे. नियम नऊसुद्धा वाचा."

शेवटच्या पानावर खरोखरच वंशावळ होती. नव्वद सेंटिमीटरच्या लंबकाला वीस हेलकावे घ्यायला अडतीस सेकंदांच्या आसपास लागतात. माझ्या जर्नलात लिहिलं होतं, ८३.१. कुणीतरी ३८.१ उतरवताना अंक उलटे टाकले होते. त्या हिशोबानं आमचा लंबक पृथ्वीवर नाही, जवळपास चंद्रावर झुलत होता. तरी खाली गुरुत्वाकर्षणाचं उत्तर पुस्तकातलं नऊशे ऐंशीच, आणि बाजूला सही. दोन जिवांच्या जनुकांत अगदी सारखी चूक सापडली, तर त्यांचा पूर्वज एकच, असं शास्त्रज्ञ धरतात. पारखनं तेच केलं होतं. ८३.१ ही चूक धरून तिनं अकरा वर्षांच्या अकरा बॅचेसची फांदी न फांदी काढली होती. या फेरीतले एकसष्ट उमेदवार त्या झाडावर लटकत होते. सगळे आमच्याच तालुक्याच्या कॉलेजातले, किंवा तिथून जर्नल उसनं नेलेल्या शेजारच्या कॉलेजांतले. झाडाच्या मुळाशी एक रिकामी चौकट होती. त्यात लिहिलं होतं, "मूळ स्रोत: अज्ञात."

नियम नऊ असा होता. मूळ स्रोत सापडला आणि त्यानं "या नोंदी मी रचल्या" असं लिहून दिलं, तर खालचे सगळे 'दिशाभूल झालेले' ठरतात आणि त्यांना माफी मिळते. मूळ स्रोताचं नाव मात्र बनावट नोंदी करणाऱ्यांच्या राष्ट्रीय यादीत जातं. त्यानंतर त्याला देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल टाकता येत नाही.

तो अज्ञात माणूस मला माहीत होता. एकसष्ट जणांना माहीत होता. वासुदेव निंभोरकर, आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या लॅबचे परिचर. सगळ्या पोरांचे वासुभाऊ. लंबकाचे आकडे त्यांचे, हे जर्नलासोबतच पुढच्या बॅचला सांगितलं जायचं. माझे वडील.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत 'लंबक ६१' नावाचा ग्रुप तयार झाला होता. मला न विचारता त्यात घातलं होतं. सगळे वासुभाऊंच्या आठवणी सांगत होते. कुणाला त्यांनी फुटलेल्या काचेबद्दल वाचवलं होतं, कुणाला डबा दिला होता. नाव सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं. शेवटी आबिदचा फोन आला. हा माझ्याच बॅचचा, आता पुण्यात प्लास्टिक कुजवणाऱ्या बुरशीवर काम करतो. त्याचाही करार संपत आलेला.

"मयूरी, आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय," तो म्हणाला.

"काय?"

"वासुभाऊंचं नाव आम्ही घेणार नाही. त्यांचं मीठ खाल्लंय."

"बरं झालं."

"म्हणजे... तू घेतलंस तर बरं दिसेल. तू घरची आहेस."

मी फोन ठेवला. साठ जणांना पुण्यही हवं होतं आणि नोकरीही, आणि पाप तेवढं माझ्या पदरात. चिडून चिडून मी दुपारची बस धरली आणि गावी गेले.

बाबा घरी नव्हते. आई म्हणाली, लॅबमध्ये. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी ते रोज दहाच्या ठोक्याला तिथं जातात. कुणी बोलावत नाही, कुणी हाकलतही नाही. कॉलेजला नवा परिचर मिळाला नाही, म्हणून किल्ली त्यांच्याकडेच राहिली. स्पेक्ट्रोमीटरचे स्क्रू, मल्टिमीटरच्या वायरी, पोरांनी वाकवलेल्या मोजपट्ट्या, सगळं ते दुरुस्त करत बसतात. त्यांच्याएवढा सुखी माणूस मी एकाही विद्यापीठात पाहिलेला नाही.

मी वंशावळ त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ वाचली आणि एकदम भडकले.

"त्र्याऐंशी पॉइंट एक? माह्यं अडतीस पॉइंट एक होतं! कोन्या गाढवानं उतरवलं हे?"

"बाबा, मुद्दा तो नाही."

"तोच तं मुद्दा आहे वं! वीस झोक्यायले त्र्याऐंशी सेकंद? अकरा वर्षं एकाच्याही ध्यानात नाही आलं? तुह्याही नाही?"

माझ्याही नाही आलं.

मग त्यांनी सांगितलं. लॅबमध्ये स्टॉपवॉच होती दोन, त्यातली एक बंद. पोरं चाळीस, तास दोन. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी एकट्यानं लंबक टांगला, प्रत्येक लांबीला पाच-पाच वेळा वेळ मोजली आणि सगळे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून तो भिंतीला लावला. आपलं रीडिंग फार चुकलं तर पोरांना कळावं, एवढाच हेतू. पोरांना कळलं ते वेगळंच. त्यांनी लंबकाला हात लावणंच सोडलं. पुठ्ठ्यावरून पहिलं जर्नल झालं, त्या जर्नलावरून दुसरं. पुढे पुठ्ठा कधी फाटला, कुणाला आठवतही नाही.

"म्हणजे ते आकडे खरे होते," मी म्हटलं.

"मंग? खोटे कायले लिहीन मी?"

मी त्यांना नियम नऊ समजावून सांगितला. ते ऐकत होते आणि हातानं एक लेन्स पुसत होते. प्रयोगशाळेत पाऊल टाकता येणार नाही, या वाक्याला हात थांबला.

"याही लॅबमध्ये नाही?"

"कुठल्याच नाही."

"हं," म्हणाले. लेन्स तिच्या खाचेत ठेवली. "घरी चाल. जेवून घे."

जेवताना मी स्पष्ट सांगितलं, की मी त्यांचं नाव देणार नाही. जागा गेली तर गेली. आई म्हणाली, आधी पोळी संपव. बाबांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मूळ स्रोत ठरवण्यासाठी विद्यापीठानं लावलेल्या सुनावणीच्या दिवशी पहाटे मात्र ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते.

"एकटी काहून जाशीन? बाहेर बसतो मी."

सुनावणी म्हणजे एक थंडगार खोली, एक लांब टेबल, आणि टेबलाच्या पलीकडे एकटे कस्तुरे सर. बाकी समिती पडद्यावर होती आणि त्यातल्या दोघांनी आपले चेहरे बंद ठेवले होते. सरांचे डोळे सुजलेले होते. टेबलावर एक पेनपाटी होती. तिच्यावर काही लिहिलं, की अक्षर, दाब, मधला वेळ, सगळं थेट पारखला कळतं.

"डॉ. निंभोरकर, साठ जणांनी लेखी दिलंय," सर म्हणाले. "सगळ्यांचा मजकूर एकच. 'मूळ स्रोताचं नाव डॉ. निंभोरकर सांगतील.' हेसुद्धा एकमेकांचं बघूनच उतरवलेलं दिसतंय."

"मला नाव माहीत आहे. मी सांगणार नाही."

"अहो, का छळताय?" ते जवळजवळ कळवळले. "मला चौदा माणसं हवीत हो! तुमचं फ्लोराइडचं काम मी वाचलंय. मला तुम्ही हव्या आहात. माझंच यंत्र माझ्या मानगुटीवर बसलंय. माझं स्वतःचं जर्नल मी त्याला दाखवायला धजत नाही, माहितीय?"

तेवढ्यात दार उघडलं. पुढे बाबा, मागे "अहो काका, आत नाही जाता येत" म्हणत हरणे मॅडम.

"मीच तो जी," बाबा म्हणाले. "वासुदेव निंभोरकर. आकडे म्या लिहिले."

कस्तुरे सर ताडकन उठले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. तीन फेऱ्या ज्याच्या शोधात गेल्या, तो माणूस आपल्या पायांनी चालत आला होता. त्यांनी कागद पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, मजकूर दोनदा वाचला आणि कागद हळूच परत सरकवला.

"'प्रयोग न करता रचल्या' असं लिहिलं आहे जी यात. हे खोटं आहे. मोजलेले आहेत ते."

सरांनी डोळे मिटले. "वासुदेवराव, ते मोजलेले असतील तर रचणारा कुणी नाही. रचणारा नाही म्हणजे दिशाभूल नाही. दिशाभूल नाही म्हणजे माफी नाही. मग एकसष्ट जणांनी खरे आकडे उतरवले, तेही चुकीचे. सगळे कायमचे बाद."

"म्हणजे," मी विचारलं, "बाबांनी प्रयोग केलाच नसता, तर मला ही जागा मिळाली असती?"

"नियमाप्रमाणे, हो."

मला हसावं की टेबल उलथावं, कळेना. बाबांनी मात्र माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागद पुन्हा आपल्याकडे ओढला.

"मंग रचलेच होते," म्हणाले. "कुठी सही करू?"

"बाबा, नाही!"

"तू चूप राय."

"तुमची लॅब बंद होईल. रोज सकाळी दहाला कुठं जाणार तुम्ही?"

"पासष्टचा झालो मी. माह्यं होऊन गेलं. तुहं व्हायचं आहे." आणि त्यांनी सही केली. आडनावातल्या अनुस्वारासकट, नीट.

पण सहीनं भागत नव्हतं. मागच्या फेरीत दोन उमेदवारांनी नात्यातले काका 'मूळ स्रोत' म्हणून उभे केले होते. तेव्हापासून कबुलीसोबत नमुना द्यावा लागतो. पेनपाटीवर वीस चौकटी असतात. त्यांत आपण पूर्वी जसे रचले तसे आकडे मनानं रचून लिहायचे. पारखनं "रचलेले" म्हटलं, की कबुली पक्की.

"लांबी ऐंशी सेंटिमीटर समजा," सर म्हणाले. "वीस हेलकाव्यांची वेळ. काहीही लिहा."

बाबांनी पेन हातात घेतलं आणि डोळे मिटले. त्यांची डाव्या हाताची तर्जनी टेबलाच्या कडेवर हळूहळू झुलायला लागली. ओठ हलत होते. आम्ही सगळे बघत होतो. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले, ३५.९ लिहिलं आणि पुन्हा मिटले.

वीस चौकटी भरायला तेरा मिनिटं लागली. पडद्यावर अक्षरं उमटली: "मोजलेले. गुण चौऱ्याण्णव." पारखनं आजवर कुणाला बीएस्सीच्या प्रयोगात एवढे गुण दिले नव्हते, हे हरणे मॅडमनी मला दारातूनच हळू आवाजात सांगितलं.

"वासुदेवराव, मोजू नका ना!" सर म्हणाले. "नुसतं लिहा. पटापट."

"पटापट कसं लिहू जी? वीस व्हायले वेळ लागते ना."

"पण लंबक कुठंय इथं?"

"नाही जी."

"मग काय मोजताय?"

बाबांनी आपल्या तर्जनीकडे बघितलं. सरांनी पाटी पुसली. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवायला सांगितले. बाबांनी डोळे उघडे ठेवले आणि पेन पाटीवर टेकवून नुसते बसून राहिले.

"काय लिहू?"

"काहीही लिहा."

"काहीही म्हंजे किती?"

पडद्यावरच्या समितीतलं कुणीतरी खाकरलं. कस्तुरे सरांनी केसांतून हात फिरवला. "अहो, मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"हो जी. समजते मले." बाबांनी पेन पुन्हा नीट धरलं. त्यांना मनापासून खोटं लिहायचं होतं. माझ्यासाठी लिहायचं होतं, आणि हात ऐकत नव्हता. आठ वर्षं मी हुशार माणसांत वावरले, निबंधांवर निबंध लिहिणाऱ्यांत, आणि त्यातल्या एकाचाही हात असा अडलेला मी पाहिला नव्हता. माझाही नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. बोट झुलायला लागलं.

मी टेबलावरचा सही केलेला कागद उचलला.

"डॉ. निंभोरकर, नीट विचार करा," कस्तुरे सर म्हणाले. "थोड्याच आठवड्यांत तुम्हाला पस्तीस पूर्ण होतील. अशी जागा पुन्हा मिळणार नाही. आणि तुमच्यासोबत साठ जण आहेत."

"साठ जणांना सांगा, मयूरीनं फाडला," मी म्हटलं. "त्यांना तेवढंच हवं होतं." आणि कागद मधोमध फाडला. मग आणखी एकदा फाडला, कारण एकदा फाडून माझा राग गेला नव्हता. आत्याची चकली, न उघडलेली खोकी, दमणारा कोळसा, सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं, आणि तरीही मला वाईट वाटलं नाही.

"चला बाबा," मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कागद फाडला मी. घरी चला."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त पेनाचा हात किंचित वर करून मला थांबवलं.

"थांब वं माय," ते पुटपुटले. "मधातच बोललीस तं रीडिंग चुकते. सतरा... अठरा..."

मी त्यांच्याजवळ उभी राहिले आणि वीस होईपर्यंत एक शब्द बोलले नाही.